माझी नसलेली पेरूची बाग

हे लिहिण्याआधीच माफी मागून ठेवतो. इंग्रजी कशी शिकलो हे सांगायला बसलेल्या माणसाची इंग्रजी पक्की असावी अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असणार, आणि ती रास्त आहे. माझी तशी नाही. अजूनही बोलताना मी मध्येच थांबतो, शब्द शोधतो, कधी सापडतो, कधी नाही. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लिहिणं हे आपलं काम आहे असं मला कधी वाटलंच नाही. पण वर्गातल्या दोघातिघांनी विचारलं की तू नेमकं काय केलंस, आणि तोंडी सांगताना मी प्रत्येक वेळी अर्धी गोष्ट गाळली. गाळलेली गोष्ट अशी की सहा महिने मी एका म्हाताऱ्या माणसाशी रोज खोटं बोलत होतो. म्हणून लिहून टाकतो.

आमचं गाव काष्टीजवळ आहे. वडील गुरांचे व्यापारी, म्हणजे आमच्याकडच्या शब्दात हेडी. बाजाराच्या दिवशी ते गाय विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभे राहतात, खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकतात आणि टॉवेलखाली बोटं दाबून दर सांगतात. भोवती शंभर माणसं असली तरी कुणाला दर कळत नाही. तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा चालू असतात. लहानपणी मी टॉवेलखाली काय चाललंय ते बघायला वाकायचो आणि टपली खायचो.

विकणारा जे बोलतो त्यावर वडील विश्वास ठेवत नाहीत. ते दात बघतात, गाय चालवून बघतात, आणि पहिल्या दोन धारा हाताच्या तळव्यावर घेऊन अंगठ्यानं चोळून बघतात. "चालवून बघू," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आमच्या घरात मोबाईल घ्यायचा असो की मावशीच्या मुलीचं स्थळ असो, वडील तेच म्हणतात. मी त्याच घरात वाढलो. त्यामुळे कुणी माझ्याशी गोड बोललं की मला आधी त्याची चाल बघावीशी वाटते.

बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मी नगरला बीएस्सीला आलो. रसायनशास्त्र इंग्रजीत होतं, पण ते फळ्यावरून उतरवून घेता यायचं. बोलायची वेळ शेवटच्या वर्षी आली. दूध तपासणाऱ्या एका कंपनीचे लोक दरवर्षी आमच्या कॉलेजातून प्रयोगशाळेसाठी थोडी मुलं घेतात. मुलाखत मोबाईलवर, व्हिडिओ कॉलवर, आणि पूर्ण इंग्रजीत होते. मला ती जागा हवी होती. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत दूध घालून त्यात थेंब थेंब काहीतरी टाकायचं आणि रंग बदलायची वाट बघायची, हे मला मनापासून आवडतं. वडिलांचं म्हणणं होतं की पदवी होईपर्यंत थांबतो, नाही जमलं तर माझ्याबरोबर बाजाराला यायचं. त्यांचे गुडघे धरलेले आहेत, त्यामुळे ते रागानं म्हणत नव्हते. पण मला माहीत होतं की मी चांगला हेडी होणार नाही. माझ्या तोंडावर सगळं दिसतं.

इंग्रजीचा शोध मी क्लासपासून सुरू केला. नगरमधे एका दुमजली इमारतीवर बॅनर होतं, तीस दिवसांत अस्खलित. तिथे पहिल्या दिवशी फुकट बसू देत होते म्हणून गेलो. पंचवीसेक मुलं एकामागून एक उठून स्वतःची ओळख करून देत होती, आणि सगळ्यांची ओळख एकच होती. माझं कुटुंब लहान आणि सुखी आहे, मला पुस्तकं वाचायला आवडतात. माझ्या ओळखीचा एक मुलगा त्यात होता. त्यांच्या घरी एका चुलीवर अकरा माणसं जेवतात, तरी त्यानंही लहान आणि सुखी असंच सांगितलं. सरांनी त्याला शाबासकी दिली. मी पुन्हा गेलो नाही.

मग मोबाईलवरचं ॲप घेतलं. ते प्रत्येक उत्तराला टाळ्या वाजवायचं. चुकलं तरी छान प्रयत्न म्हणायचं. वडिलांचा अनुभव असा की जे गिऱ्हाईक गाईची फार तारीफ करतं ते गाय घेत नाही, त्यामुळे त्या टाळ्यांनी मला उलट धास्ती बसली. दोन महिन्यांनी मला सफरचंद लाल आहे आणि घोडा पाणी पितो एवढं न चुकता म्हणता यायला लागलं. मुलाखतीत घोड्याबद्दल विचारतील असं वाटेना. एका सीनियरनं इंग्रजी पेपरचा अग्रलेख शब्दकोश घेऊन वाचायला सांगितलं. सकाळभर बसून सहा ओळी झाल्या, आणि संध्याकाळी त्यातला एकही शब्द तोंडात येत नव्हता.

तेव्हा इंग्रजीच्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ होते. ते रोज संध्याकाळी साडेसहाला पंधरा मिनिटं माझ्याशी फोनवर इंग्रजीत बोलायला तयार होते. पैसे नाहीत, पुस्तक नाही, काही नाही. मी विचारलं, ते का करतात हे. मॅडम म्हणाल्या, त्यांना आवडतं.

एवढ्यानं माझं समाधान झालं नाही. खोलीवर येऊन मी पार्टनरला सांगितलं. हा पार्टनर राहात्याचा, घरची पेरूची बाग असलेला. त्याच्या कॉटखाली कायम पेरूचं एक क्रेट असायचं आणि खोलीला वर्षभर तो वास यायचा.

"फुकट इंग्लिश? भावा, तुझा आवाज भरून घेतील आणि तुझ्या आईला फोन लावतील. ॲक्सिडेंट झालाय, पैसे पाठव."

"आई माझ्याशी फोनवर मिनिटभर बोलती. तिला कुठून आवाज ओळखू येणार?"

"मग तर त्यांचं काम अजून सोपं."

वडिलांना फोन केला तर त्यांनी एकच विचारलं, "त्येला काय पायजे?"

"काही नको म्हणतात."

"काय न्हाई म्हणतोय? मग लई जपून."

पहिला फोन आला तेव्हा मी जपूनच होतो. त्या गृहस्थांचा आवाज जड होता, आणि ते फार हळू बोलत. त्यांनी माझं गाव विचारलं. काष्टीचं नाव तोंडावर आलं होतं, पण समोर पार्टनर मांडी घालून पेरू कापत बसला होता. मी म्हणालो, राहाता. घरी काय आहे? पेरूची बाग. पार्टनरचा सुरीवरचा हात थांबला. आपलं खरं गाव, खरा धंदा एका अनोळखी माणसाला सांगायचा नाही, एवढाच माझा विचार होता. टॉवेल टाकला होता म्हणा ना.

पण खोटं एकदा सांगून भागत नाही, दुसऱ्या दिवशी ते पुढे न्यावं लागतं. त्यांनी विचारलं, झाडं किती? पाणी कुठलं? मला काहीच माहीत नव्हतं. मग रोज दुपारी मी पार्टनरला विचारायचो, तो सांगायचा, मी एका वहीत उतरवायचो, शब्दकोशातून शब्द काढायचो आणि साडेसहाला बोलायचो. फळमाशीला इंग्रजीत काय म्हणतात, फळाला जाळी आणि पिशवी घालणं कसं सांगायचं, छाटणी कशी सांगायची, हे सगळं त्या वहीत आहे. वहीत विहीर आहे, पश्चिमेचा बांध आहे, आणि एक कुत्रा आहे. कुत्रा पार्टनरच्या घरी नाही. तो मी माझ्या मनानं घातला, कारण एका संध्याकाळी पेरूबद्दलचं सगळं बोलून संपलं होतं आणि अजून पाच मिनिटं उरली होती.

"आज बागेला पाणी दिलं का मालक?" पार्टनर रोज विचारायचा. "का मी जाऊ मोटार चालू करायला?"

एकदा मी सांगितलं की बहार धरायचा असेल तर आधी झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देतात, पानं गळू देतात, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलतं. त्या गृहस्थांना हे माहीत नव्हतं. झाडाला उपाशी ठेवता, फुलावं म्हणून? असं त्यांनी तीन संध्याकाळी पुन्हा पुन्हा विचारलं, आणि मी तीन संध्याकाळी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी वहीत न बघता बोलत होतो.

तरी संशय जात नव्हता, आणि त्याला कारणं होती. ते गृहस्थ वाक्याच्या मधेच थांबत. कधी इतका वेळ की मला फोन कट झाला असं वाटायचं. मग मागून एका बाईचा हळू आवाज यायचा, एकच शब्द, आणि तोच शब्द ते बोलायचे. म्हणजे शेजारी कुणीतरी बसून त्यांना सांगत होतं. काल विचारलेला प्रश्न ते आज पुन्हा विचारायचे, पोलीस जबाब तपासतात तसा. झाडं किती म्हणालास? कुत्र्याचं नाव काय? पार्टनर म्हणाला, पक्की टोळी आहे, एक बोलतो, एक लिहून घेते. मी हसलो, पण त्या दिवसापासून बँकेचे मेसेज रोज तपासू लागलो.

मग फोन बंद का केला नाही? हे मीही स्वतःला विचारलं आहे. खरं उत्तर असं की ते थांबायचे तसंच मलाही थांबू द्यायचे. वर्गात मी तोंड उघडलं की दुसरा कुणी माझं वाक्य पूर्ण करायचा. इथे माझा शब्द सापडेपर्यंत पलीकडे कुणी काही बोलायचं नाही. त्या शांततेचीही मला शंका यायची, पण ती मला उपयोगी पडत होती.

मुलाखत प्रयोगशाळेतच झाली. काचेच्या भांड्याला मोबाईल टेकवून मी समोर स्टुलावर बसलो. पलीकडे कंपनीच्या एक बाई आणि एक साहेब. बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, तुमचं घर आणि तुमचा भाग याबद्दल बोला. आणि माझ्या तोंडून बाग सुरू झाली. अडखळणं नाही, थांबणं नाही. विहीर, बांध, ताण, बहार, पिशव्या, फळमाशी. तीन-चार मिनिटं मी असा बोललो की माझा मलाच विश्वास बसेना. बाई मान खाली घालून कागद बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, अर्जात तर श्रीगोंदा तालुका लिहिलंय, वडिलांचा व्यवसाय गुरांचा व्यापार. ही बाग कुठे आहे?

माझ्या तोंडावर सगळं दिसतं हे आधी सांगितलंच आहे. शेवटी म्हणालो की बाग माझ्या मित्राची आहे, मी तिच्यावर इंग्रजी शिकलो. साहेबांनी चष्मा काढून पुसला. बाई म्हणाल्या, बरं, मग आता तुमच्या घराबद्दल सांगा.

आणि मला एकही शब्द येईना. सहा महिन्यांत मिळवलेले सगळे शब्द पेरूचे होते. गाय म्हणजे काय एवढं येत होतं, पण हेडी कसा सांगायचा, टॉवेल कसा सांगायचा? मी नुसता हात पुढे केला. मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर तळवा धरला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा त्यावर चोळला. मग तुटक तुटक सांगत गेलो. माझे वडील. पहिलं दूध. इथे घेतात. कण लागले तर गाय आजारी. विकणारा हुशार असतो, तो आधीच त्या धारा काढून टाकतो. मग वडील म्हणतात, संध्याकाळपर्यंत थांबतो, धार माझ्यासमोर काढ. एवढं सांगायला मला बागेपेक्षा जास्त वेळ लागला, आणि त्यात व्याकरण असं काही नव्हतंच. बाईंनी दोन प्रश्न विचारले. पहिला, वडिलांचा अंदाज कधी चुकतो का? मी म्हणालो, हो, दोनदा. दुसरा, हे तुम्हाला येतं का? मी म्हणालो, थोडं. कळवतो म्हणून त्यांनी फोन बंद केला.

कळवतो याचा अर्थ बाजारात मला माहीत आहे. पहिल्या चार मिनिटांत खोटा ठरलेला माणूस कोण घेईल? मी खोलीवर जाऊन झोपलो. साडेसहाला फोन वाजला, मी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. मला फोनवरच्या त्या गृहस्थांचाच राग येत होता. त्यांनी एवढे प्रश्न विचारले नसते तर मी एवढी बाग लावलीच नसती.

चौथ्या दिवशी त्यांचा मेसेज आला. इंग्रजीत, एकच ओळ. कुत्रा बरा आहे का?

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी, काही सुचेना म्हणून, मी त्यांना सांगितलं होतं की कुत्रा दोन दिवस काही खात नाहीये. मी मेसेज वाचला आणि मोबाईल पार्टनरपुढे केला. त्यानं मेसेज वाचून मोबाईल परत दिला.

साडेसहाची वाट न बघता मी फोन लावला आणि वाईट इंग्रजीत सगळं सांगितलं. मी राहात्याचा नाही. बाग माझी नाही. मला तुमची शंका होती. पलीकडे शांतता. आता मागून बाईचा आवाज येईल म्हणून मी कान लावले, तर या वेळी तोही आला नाही.

मग ते त्यांच्या गतीनं बोलायला लागले. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. मराठी हळूहळू परत आली, पण ज्या इंग्रजीत त्यांनी सगळी नोकरी केली ती येईना. डॉक्टर म्हणाले, रोज बोला. घरातली माणसं प्रेमळ होती, पण ते शब्द शोधायला लागले की कुणीतरी पटकन सांगून टाकायचं. सुनेला त्यांनी सांगून ठेवलं होतं की अगदीच अडलं तरच शब्द दे. मॅडम शेजारी राहायच्या. त्यांना ते म्हणाले होते, मला असं कुणीतरी शोधून दे जे घाई करणार नाही, आणि माझं दुखणं त्याला सांगू नकोस, नाहीतर तो दया करत बसेल. प्रश्न पुन्हा विचारायचे कारण आदल्या दिवशीचं विसरायचे. म्हणून तेही डाव्या हातानं एका वहीत लिहून ठेवायचे. झाडं, विहीर, बांध. माझी बाग त्यांच्याही वहीत होती.

शेवटी त्यांनी विचारलं, "कुत्रा तरी आहे ना?"

"नाही, सर."

फोनमधून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तो मला आवडला होता."

खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार असा आला की हेही खोटं असेल तर. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना जाऊन विचारलं. त्या हो म्हणाल्या. त्या संध्याकाळी मी साडेसहाला फोन उचलला आणि काष्टीच्या बाजारापासून सुरुवात केली. माझी इंग्रजी पुन्हा पहिल्या दिवसासारखी झाली. टॉवेल काय, बोटं काय, एकेका गोष्टीला दोन-दोन दिवस लागले. पण गुरांची ही नवी वही लिहिताना मला पार्टनरला काही विचारावं लागलं नाही.

वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्येला काय पायजे हुतं?"

"बोलायला माणूस."

ते म्हणाले, "मग फुकट कुठं हुतं? सौदा बराबर हाय."

परीक्षा झाली, मी घरी आलो. कंपनीकडून काही आलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी वडिलांबरोबर गेलो. त्यांनी मला गाय चालवायला सांगितली, मी चालवली, त्यांनी काही शिकवलं, मी मान हलवली. अकराच्या सुमाराला मोबाईलवर मेल आला. कंपनीचा होता. मी तो वाचला आणि सगळ्यात आधी पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर अक्षर तपासला. मेलमधे फोन नंबर दिला होता, तो मी लावला नाही. कॉलेजच्या नोटिशीचा फोटो माझ्याकडे होता, त्यातला नंबर शोधून त्यावर फोन केला. गुरांचा आवाज कमी यावा म्हणून एका टेम्पोच्या आड गेलो. पलीकडच्या माणसाला इंग्रजीत सांगितलं की मला असा मेल आला आहे, तो तुमचाच आहे का. त्यानं नाव विचारलं, थांबायला सांगितलं, मी थांबलो. मग त्यानं सांगितलं की मेल त्यांचाच आहे. पुढचं तो भराभर बोलला. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं, हळू.

परत आलो तेव्हा वडिलांचा हात टॉवेलखाली एका गिऱ्हाइकाच्या हातात होता. त्यांना हात सोडता येत नव्हता. माझ्याकडे बघून त्यांनी नुसत्या भुवया उचलल्या. मी थांबलो. सौदा झाला, गिऱ्हाईक बाजूला झालं, तेव्हा मी टॉवेलखाली माझा हात घातला आणि त्यांचा पूर्ण पंजा दाबला. ठरलं की आमच्याकडे असाच दाबतात.

"चौकशी केली का?" त्यांनी विचारलं.

"केली. मेल त्यांचाच हाय."

"कुठं टाकलंय?"

मी त्यांना सांगितलं. पुण्याची प्रयोगशाळा सहा महिन्यांनी. त्याआधी दूध संकलन केंद्रावर, पुणतांब्याजवळ, तालुका राहाता.